पेटीतली पत्रं : गाणं आपलं, कागद कंपनीचा

पेटी म्हटलं की मला दोन आठवतात. एक पोस्टाची, एक मांडीपुढची. बत्तीस हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, नाटकांत ऑर्गनवर बसलो, एरवी भजनात हार्मोनियम, आणि नाइलाज झाला तेव्हा लग्नात कॅसिओ. आता उजव्या हाताची दोन बोटं ऐकत नाहीत, म्हणून तुमच्या पत्रांना उत्तरं देत बसतो. या खेपेच्या पत्रांत रडगाणं एकच आहे, फक्त ज्याची त्याची चाल वेगळी. म्हणून एकाच बैठकीत घेतो. कोणाचं नाव छापत नाही. सगळ्यांना गावातच राहायचं आहे, मलाही.

काकाजी, आमचं खडी गंमतचं, म्हणजे इकडच्या तमाशाचं, मंडळ आहे. दोन वर्षांपूर्वी एक जण कॅमेरे घेऊन आला, रात्रभर शूटिंग केलं, अकरा हजार दिले आणि आमच्या शाहिरांची सही घेऊन गेला. त्याच्या चॅनलवर ती गंमत लाखाच्या वर लोकांनी पाहिली. यंदा मंडईच्या जत्रेतला कार्यक्रम आम्ही आमच्याच मोबाईलवर काढून टाकला, तर यूट्यूब म्हणते यातलं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं. आमच्या आज्याच्या तोंडची गवळण दुसऱ्याची झाली कशी?
— एक ढोलकीवाला, लाखांदूर तालुका

बाबू, तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच सही आठवली. १९९४ चा उन्हाळा. नागपुरात एका बोळीत, वरच्या मजल्यावर एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि कूलर बंद, कारण त्याची घरघर टेपात येते. साठ मिनिटांची कॅसेट भरायची होती, या बाजूला चार आणि त्या बाजूला चार गाणी. सात आमच्याजवळ बसवलेली होती, आठवं नव्हतं. कॅसेट कंपनीचा मालक म्हणाला, "काही बी टाका ना, पण चालू पाहिजे." त्याचं 'चालू' काय ते तुला सांगायला नको. आमचे शाहीर नाही म्हणाले. मग मी माझ्या मायचं रोवणीचं गाणं काढलं. बांधीत वाकून, पोटरीभर चिखलात उभं राहून बाया म्हणतात ते. त्याला ढोलकी नाही की पेटी नाही. चिखलातून पाय उपसताना जो आवाज येतो तोच त्याचा ठेका. मी कॅसिओवरचं 'डिस्को' लिहिलेलं बटण दाबलं. दुपारी तीनपर्यंत काम आटोपलं. चारशे रुपये, तर्रीपोहे आणि एक टाईप केलेला कागद. गावाकडची शेवटची एसटी साडेचारला होती. सही केली आणि पळालो.

दिवाळीत कॅसेट आली. कव्हरवर आठव्या गाण्यापुढे गीतकार म्हणून मालकाच्या साळ्याचं नाव. मायला वाचता येत नव्हतं, मीही सांगितलं नाही. ती कौतुकानं ऐकायची, पण दर वेळी म्हणायची, "एवढ्या घाईनं रोवलं तर धान तिरपं लागते रे."

आता तुझं पाहू. तुझ्या भांडणात तीन वस्तू आहेत आणि तिन्हींना आपण 'गाणं'च म्हणतो, तिथं घोळ होतो. गवळण ही पहिली वस्तू. ती कोणी रचली कोणालाच ठाऊक नाही, म्हणून ती त्याची नाही आणि, राग मानू नको, तुझीही नाही. कोणीही म्हणावी. दुसरी वस्तू म्हणजे त्या रात्री त्यानं केलेलं रेकॉर्डिंग. ते त्याचं. तिसरी वस्तू तुमचं त्या रात्रीचं गाणं-वाजवणं. कायदा वादकालाही कलाकार धरतो आणि त्याचे वेगळे हक्क मानतो, पण सही झालेल्या कागदात काय लिहिलं आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही. यूट्यूबचं यंत्र नुसता आवाज आवाजाशी ताडून पाहते. तेच शाहीर, तीच पट्टी, तुझ्याच हाताची ढोलकी. त्याला वाटलं हे तेच. यंत्राला आजा समजत नाही.

म्हणून आधी त्या दाव्यावर तिथल्या तिथं हरकत घे. लिही की रचना पारंपरिक आहे, गायन-वादन आमचं आहे आणि हे अमुक तारखेचं वेगळं चित्रीकरण आहे. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. तेवढ्यात तो बोलला नाही तर दावा आपोआप सुटतो. मात्र तुमच्या व्हिडिओत त्याच्या शूटिंगचा उलीसाही तुकडा जोडला असेल, तर चूप बसा. खोटी हरकत चॅनलच्या अंगावर येते.

मग शाहिरांना घेऊन बसा आणि त्या कागदाची प्रत मागवा. तुमच्याजवळ प्रत नसणार हे मी पैजेवर सांगतो, माझ्याजवळही नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम मोठं कामाचं आहे. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरतात. कोणत्या मुलखासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरतात. आणि त्या रात्री शाहिरांनी स्वतः रचलेलं एखादं पद म्हटलं असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीचा आधार आहे: त्या गाण्याच्या रॉयल्टीत रचणाऱ्याचा बरोबरीचा वाटा, आणि तो वाटा सही करूनही कंपनीला देऊन टाकता येत नाही. वारसाला जातो, नाहीतर कॉपीराइट सोसायटीला. गीतकार-संगीतकारांची अशी सोसायटी, आयपीआरएस, मुंबईत १९६९ पासून आहे. माझ्या सहीच्या वेळी हे २०१२ चं कलम नव्हतं. असतं तरी मी साडेचारची एसटीच पाहिली असती, हेही खरं.

आणखी एक. त्याच्या लाखाकडे पाहून जीव जाळू नको. स्वतःचं चॅनल काढून जाहिरातीचा पैसा घ्यायचा म्हटलं तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं लागते. गंमत रात्रभर चालते, पण मोबाईलवर माणूस आठ मिनिटांच्या वर टिकत नाही. म्हणजे ३०,००० वेळा कोणीतरी आठ-आठ मिनिटं पाहिलं तेव्हा कुठं दार उघडते. पैसा त्याच्यापुढे. तरी काढाच. पण हिशेबाची वही ढोलकीवाल्याजवळ द्या, शाहिराजवळ नको. शाहीर वाईट असतात म्हणून नाही. शाहिराच्या तोंडी माईक असतोच, वही तरी दुसऱ्याच्या हातात असावी.

नातवाला कॅसिओ घेऊन देऊ की हार्मोनियम? — एक आजोबा, ब्रह्मपुरी

हार्मोनियम. लाईन गेल्यावरही वाजते.

माझ्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला आहे. नवरदेवाकडचे धुमाल, म्हणजे गाडीवरचा बँड, मागतात, आमच्या यांना गावचं डफडं आणि सनई पाहिजे. धुमालनं डफडं मारलं असं तुम्हीच एका कार्यक्रमात म्हणाले होते. सांगा, काय करू?
— एक आई, उमरेड तालुका

ताई, म्हणालो असेन. माईक हाती आला की माणूस असं बोलतो.

पण डफडं जपा म्हणणाऱ्यांत डफडं गळ्यात अडकवलेला माणूस मला फारसा भेटला नाही. आमच्या गावात एक म्हातारा होता. वरातीच्या सर्वांत पुढे तो चालायचा आणि पंगतीत सर्वांत शेवटी बसायचा, तेही बाजूला. मजुरी म्हणून पायलीभर धान, कोणाची मर्जी असली तर जुनं धोतर. वाजवणं हे त्याचं काम नव्हतं, गावकी होती. नाही म्हणायची सोय नव्हती. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यानंतर कितीतरी गावांतल्या लोकांनी ते वाद्य खुंटीला लावलं ते कायमचं. एक कला गेली म्हणून मी हळहळत होतो तेव्हा त्या म्हाताऱ्याचा नातू मला भेटला. तो धुमालात आहे. गाडीवर उभा राहून ड्रम वाजवते, अंगात लाल कोट. मी म्हटलं, "अरे, आज्याचा हात तुझ्यात उतरला आहे, डफडं काहून सोडलं?" तो म्हणाला, "काकाजी, आज्याला पंगतीत शेवटी बसवत. मले नवरदेवाचा बाप चाय आणून देते."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

म्हणजे धुमाल चांगलं असं नव्हे. गाडीवर दोन कॅसिओ, एक बँजो, नगाऱ्यांची उतरंड आणि पुढेमागे भोंग्यांच्या भिंती. गाणी त्या वर्षीच्या सिनेमातली. तारीख ठरते मालकाशी, इसार घेतो मालक, भोंगे आणि जनरेटर आणि डिझेल पहिले कापले जाते, आणि उरलं ते दहा-बारा पोरांत. तरी दहा-बारा पोरांना काम आहे. आता मागणी डीजेची. तिथं लॅपटॉपवर एकटा पोरगा. परवा एक धुमालवाला माझ्या ओट्यावर बसून म्हणत होता, डीजेनं आम्हाला मारलं. अगदी त्याच सुरात, ज्या सुरात मी धुमालबद्दल बोललो होतो.

तुमचं म्हणाल तर दोन्ही करा. मांडवाला, हळदीला, मारुतीच्या दर्शनाला डफडं-सनई, वरातीला धुमाल. धुमालवाल्याशी ठरवताना रात्री १० ला भोंगा बंद हे बोलून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत १० ते ६ बंदी आहे, आणि पोलीस आले की मालक गायब होतो, उभा राहते नवरीचा बाप. एखादा सभागृहवाला सिनेमाची गाणी वाजवायची म्हणून वेगळ्या लायसन्सचे पैसे मागेल, तर सांगा की लग्न आणि वरात यांना कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. डफडेवाल्यांना इसार आधी द्या, जेवण पहिल्या पंगतीत. यांना सांगा काकाजींनी सांगितलं.

काकाजी, मी पुसदकडचा, पुण्यात नोकरी करतो. एका मित्रामुळे अमेरिकेचं कंट्री संगीत ऐकायला लागलो. शेती, आई, रेल्वे, कर्ज, दारू, सगळं आपल्यासारखंच, आणि बँजोसुद्धा! पण तिकडचे जुने लोक म्हणतात की बाजारानं ते नासवलं, सगळी गाणी एकसारखी झाली. आधी ते खरंच शुद्ध होतं का?
— एक वऱ्हाडी, मुक्काम पुणे

आधी बँजोचं. त्यांचा बँजो आणि आपला बँजो नावापुरते भाऊ. त्यांच्यावर चामडं ताणलेलं असते आणि त्याचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. आपला तो टाईपरायटरसारख्या कळांचा, त्याचा पूर्वज जपानी. दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीत आणि धुमालात वाजतो तो हा.

आता शुद्धतेचं. मी नातवाच्या लॅपटॉपवर या नादाला लागलो आणि म्हातारपणी बरीच करमणूक झाली. नॅशव्हिल गावचा ग्रँड ओल ऑप्री हा त्यांचा सर्वांत नावाजलेला रेडिओचा कार्यक्रम १९२५ ला सुरू झाला. स्टेशन कोणाचं? विमा कंपनीचं. स्टेशनचं नाव डब्ल्यूएसएम, आणि ती तीन अक्षरं कंपनीच्या घोषवाक्याची: वी शील्ड मिलियन्स. एजंट लोक दारावर थाप मारून म्हणायचे, आम्ही ऑप्रीवाले. शनिवारी रात्री गाणं ऐकलेलं घर सोमवारी दार उघडायचं. पुढं पिठाची कंपनी आली, मार्था व्हाइट नावाची, आणि तिची जाहिरात गाणारे कलावंत तिच्या पिठाच्या नावानं गावोगाव फिरले. तेव्हा बाजार नंतर आला असं नाही. पाळणाच बाजारानं बांधला.

१९२७ ची गोष्ट मला फार लागली. राल्फ पीर नावाचा माणूस व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी ब्रिस्टल या गावी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मुक्काम. गाण्याला ५० डॉलर रोख आणि वर थोडी रॉयल्टी. डोंगरातून लोक आले, त्यांत कार्टर कुटुंब होतं, जिमी रॉजर्स होता, आणि पुढे दोघेही मोठे झाले. पण पीरला जुनं, सगळ्यांचं गाणं नको असायचं. ज्याची नोंदणी करता येईल असं पाहिजे, कारण त्याची कमाई प्रकाशनाच्या हक्कातून होती. म्हणून ए. पी. कार्टर डोंगरात दारोदार हिंडून म्हाताऱ्यांकडची गाणी गोळा करू लागला आणि ती त्याच्या नावावर नोंदली जाऊ लागली. सोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. लेबलवर कार्टरचं नाव. चाल ज्यानं डोक्यात वाहून आणली त्याचं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कार्टर निदान डोंगर चढला होता. आमच्या मालकाच्या साळ्यानं बांधी पाहिलीही नव्हती.

एकसारखेपणाचं कारण तुला पाहिजे ना? ते दोनदा झालं. १९५५ च्या आसपास रॉक अँड रोलनं तरुण गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा नॅशव्हिलच्या कंपन्यांनी गावठी फिडल आणि स्टील गिटार मागे सारलं आणि व्हायोलिनचा ताफा व मागे गुणगुणणारा कोरस आणला. म्हणजे शहरातल्या माणसाला लाज न वाटता ऐकता यावं. चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली हे ते करणारे, आणि दोघेही पट्टीचे वादक. शत्रू बाहेरून आला नव्हता. मीही डिस्कोचं बटण दाबलंच ना? दुसऱ्यांदा झालं ते १९९६ ला. एका कंपनीनं देशभरात किती रेडिओ स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा नव्या कायद्यानं उठली आणि पुढं एकाच कंपनीच्या हाती १,२०० च्या वर स्टेशनं गेली. गावाच्या स्टेशनवरचा माणूस गावचं गाणं लावायचा, ते थांबलं. आता यादी वरून येते. एखाद्या पंगतीचा स्वयंपाक बायांनी करावा आणि एखाद्या पंगतीला कॅटरर यावा, एवढा फरक. जेवण वाईट असते असं नाही, पण उमरेडला जी भाजी तीच उमरखेडला.

तुला एक मात्र ठाऊक नसेल. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मिळत नाहीत. इतक्या श्रीमंत देशात! आणि नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारांत आजही चांगले चांगले वादक गिऱ्हाईकांच्या बक्षिसीवर तासनतास वाजवतात. पुढं एक बादली ठेवलेली. आपल्याकडं शाहीर भर कडव्यात थांबून "अमक्या पाटलाकडून एक्कावन रुपये" असं ओरडतो, तिथं लोक गपचूप टाकतात. आपली पद्धत गाण्याला वाईट, पण हिशेबाला बरी. किती आले ते ढोलकीवाल्यालाही ऐकू येते.

आणि तू ज्या ॲपवर ऐकतोस ते स्पॉटिफाय असेल तर, २०२४ पासून तिथं एखादं गाणं वर्षात १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचा एक पैसाही निघत नाही. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या शाहिराचं गाणं आवडलं तर त्याला फोन कर, मंडईला बोलाव, इसार दे.

तुम्ही दर महिन्याला कलावंतांच्या हक्कावर लिहिता. माझे वडील तुमच्याच नाटक कंपनीत तबल्यावर होते. वाजवणाऱ्यांचे पैसे तुमच्या हातून वाटले जायचे. एका नाईटचे तबल्याला १५०, ऑक्टोपॅडला २५०, आणि तुमचे किती ते तुम्हालाच ठाऊक. नाटकात सिनेमाच्या गाण्यांवर डान्स वाजला तेव्हा तुम्हीही वाजवला. मग आता हा शहाणपणा कशाला? छापण्याची हिंमत असेल तर छापा.
— आरमोरीकडून

छापलं.

माझे २२० होते. १७० ऑर्गनचे, ५० हिशेब ठेवण्याचे. ते ५० मी कोणाला सांगितले नव्हते. तुमच्या वडिलांना नक्की कळलं असेल, ते बोलत कमी आणि मोजत जास्त.

ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. देसाईगंज-वडसा इथं नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, रस्त्यानं बोर्डच बोर्ड. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. गावोगावची मंडळं येऊन नाटक ठरवतात, दिवसा बैलांच्या शर्यतीचा पट, रात्री प्रयोग, दहा-अकराला पडदा उघडला की पहाटेपर्यंत. २०२३ ला आमच्यातल्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपल्यालाच मिळाल्यासारखं केलं. पण मंडळवाले कार्यालयात आले की नाटकाचं नाव विचारत नसत. पहिला प्रश्न, "डान्सर कोण आहे?" २००० नंतर तर तेवढाच. रात्री एकला डान्स, आणि तो झाला की मागचे दोनशे लोक उठून चहाला. तिकीट कशावर फाटलं ते सगळ्यांनी पाहिलेलं.

ऑक्टोपॅड म्हणजे विजेवरचा ड्रम, त्याचा पोरगा स्वतःचं यंत्र घेऊन यायचा आणि दुसऱ्या कंपन्या त्याला ओढायला टपलेल्या. म्हणून त्याला २५०. तुमच्या वडिलांचा हात त्याच्याहून दसपट तयार होता. पहिल्या अंकाच्या नाट्यपदाला ते केरवा धरायचे तेव्हा मी पेटीवर दोन सूर कमी वाजवायचो, ऐकायला मिळावं म्हणून. पण ऑक्टोपॅड भोंग्यातून यायचं आणि तबल्यापुढे तो एकच मोडका माईक. मागच्या रांगेला तबला आहे की नाही तेही कळत नव्हतं. जे ऐकू येत नाही त्याचे पैसे कमी, असं कंपनीनं मला कधी सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं.

आणि तुम्ही लिहिलं नाही ते मी लिहितो. २००३ च्या होळीआधीचे शेवटचे दोन नाईट. एका गावी मंडळानं गल्ला कमी दाखवला, कंपनीनं लिफाफा कापला. मी ऑक्टोपॅडला पूर्ण दिले, माझे पूर्ण घेतले आणि तुमच्या वडिलांना म्हटलं, हंगाम आटोपला की पाहू. पहाटेची वेळ होती. ते तबला कापडात गुंडाळत होते. गाठ मारली, "बरं" म्हणाले आणि ट्रकवर जाऊन बसले. पुढच्या दिवाळीला ते आले नाहीत. मी दुसरा तबलजी शोधला. दोन हंगामांनंतर तोही शोधायचं थांबवलं. ऑक्टोपॅडवर तबल्याचा आवाज यायला लागला होता.

ते ३०० रुपये माझ्याकडं आहेत. आज त्यात डग्ग्याची पुडीही येत नाही, ते मला कळते. तुमच्या पत्रावर गावाचं नाव आहे, घराचं नाही. मंडईच्या वेळी मी तिकडं येतो आहे. वडील असतील तर त्यांना विचारून ठेवा, मी आलो तर बसतील का.